सरांसाठी पलंग मागवण्याआधी : बेळगावात भाड्यानं मिळणारं रुग्णसाहित्य आणि घरी येणारा माणूस

बेळगावात घरी आजारी माणसाची सोय करायची म्हटलं की दुकानदार ठरलेला सेट पुढे करतो. दोन हँडलचा लोखंडी पलंग, त्यावर हवेची गादी, घडीचा वॉकर, कमोडची खुर्ची, पाहिजे तर ऑक्सिजनचं मशीन, आणि जोडीला बारा किंवा चोवीस तासांचा माणूस. माल वाईट नसतो. पण पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या पेशंटसाठी हा सेट जसाच्या तसा उचलला तर निम्मे पैसे पाण्यात जातात आणि सेटमधला वॉकर त्याला पाडतो तो वेगळाच.

ज्या घराला धरून हे लिहिलंय ते बेळगावच्या शहापुरातलं, जुन्या बांधणीचं. सर कॉलेजच्या फुटबॉल संघाचे निवृत्त कोच, वय 78. पार्किन्सन, गुडघे झिजलेले, आवाज बारीक झालेला. एके काळी हाच आवाज लेले ग्राउंडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिट्टीविना ऐकू जायचा. त्यांच्या हाताखालची पोरं आता पन्नाशीत आहेत. त्यांनी वर्गणी काढली आणि सगळे करतात तेच केलं, पहिल्याच दिवशी मोठा पलंग मागवला. सरांचे पाय मात्र अजून चालायला बघतात. अशा पेशंटला चालतं ठेवणाऱ्या वस्तू आधी लागतात, झोपवणाऱ्या नंतर. दुकानाचं आणि माणूस पुरवणाऱ्या संस्थेचं नाव इथं घेत नाही, कारण हॉस्पिटलांच्या आसपासच्या दुकानांतला माल साधारण सारखाच असतो. काय मागायचं आणि कशाला नको म्हणायचं एवढं कळलं की कुठलंही दुकान चालतं.

सुरुवात वॉकरपासून. सेटमधला वॉकर ॲल्युमिनियमचा, चारही पायांना रबरी बूच असलेला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्याला तो उत्तम. पार्किन्सनमध्ये मात्र उचला, पुढे ठेवा, मग पाऊल टाका ही एकामागून एक करायची कामंच जमेनाशी होतात. वॉकर हातात उचललेला असतानाच तोल मागे जातो आणि माणूस पाठीवर पडतो. याच्या उलट टोकाला चार चाकांचा, ब्रेक आणि बैठक असलेला रोलेटर. दिसायला झकास. पण या आजारात पावलं मधूनच बारीक होत पुढे धावायला लागतात, तेव्हा चाकंही धावतात आणि हाताला ब्रेक दाबायचं सुचत नाही. मूठ दाबल्यावरच चाक सुटतं असा उलट्या ब्रेकचा रोलेटर असतो, तो चांगला, पण तो सहसा आधी सांगून मागवावा लागतो. सरांच्या घरी जमला तो मधला प्रकार : पुढच्या दोन पायांना चाकं, मागच्या दोन पायांना बूच. ढकलला की पुढे जातो, अंगाचा भार पडला की थांबतो. दुकानात 'पुढं चाकवाला' म्हणून स्पष्ट मागा, नाहीतर नेहमीचाच गळ्यात मारतात.

वॉकरची उंची घरी चप्पल घालूनच लावायची. माणसाला जमेल तितकं सरळ उभं करून हात खाली सोडायला सांगायचे. मनगटावरच्या घडीच्या रेषेत वॉकरची मूठ आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर 20 ते 30 अंश वाकलेलं राहतं. मूठ खाली लागली तर आधीच पुढे वाकलेला माणूस आणखी वाकतो. चारही पायांची बटणं एकाच क्रमांकाच्या भोकात 'टक्' आवाज होऊन बाहेर आली की नाही ते बोटानं चाचपून बघा. नुसतं बघून कळत नाही. एक बटण अर्धवट बसलेलं असलं तर तो पाय नेमका भार पडल्यावर आत जातो. बुचांच्या तळाची नक्षी झिजून गुळगुळीत झाली की बूच बदला. नवीन आणताना जुनं खिशात घालून न्या, नुसत्या अंदाजानं माप जमत नाही. बेळगावच्या पावसाळ्यात फरशी चार महिने दमट असते. तेवढ्या काळात बूच दर आठवड्याला उलटून बघावं.

आता उंबरा. माजघरातून न्हाणीकडे जाताना सर दारात अडकतात. धड पुढे आणि पाय तिथंच. इथं सगळ्यांचा हात आपोआप त्यांच्या दंडाकडे जातो, आणि ओढलं की ते पडतात. पाय अडला तर आपणही थांबायचं. सरांना सरळ उभं राहू द्यायचं, भार एकदा डाव्या, एकदा उजव्या पायावर घ्यायला लावायचा आणि मग पायापुढची रेषा दाखवायची. ही रेषा म्हणजे या घरातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट. चालायच्या वाटेवर आडव्या, पांढऱ्या पट्ट्या, दोन पट्ट्यांत 40 ते 50 सेंटिमीटर अंतर. फुटबॉलच्या नियमात मैदानाची रेषा जास्तीत जास्त 12 सेंटिमीटर रुंद चालते, घरात 5 पुरते. पट्ट्या उंबऱ्याशी संपवू नका. पलीकडे निदान तीन हव्यात, नाहीतर जिथं रेषा संपते तिथंच पाय थांबतो.

दुकानात यासाठी रंगीत टेप देतात. सिमेंटच्या गुळगुळीत टाइलवर ती टिकते, शहाबादी फरशीवर नाही. फरशी ओल धरते, टेपची कड सुटते आणि त्याच कडेत अंगठा अडकतो. आधी आठवडाभर खडूनं रेघा मारून अंतर जमतंय का बघा, मग पातळ ऑइलपेंट मारा. चकाकणारा नको, ओला झाला की घसरतो. मॅट घ्या.

रेषेला आवाजाची जोड लागते. 'सर, लाइन' एवढंच एकदा, मग एका लयीत एक-दोन, एक-दोन. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे टकटक ठेका देणारं ॲप, लावला तरी चालतो, फक्त ठेका त्यांच्या नेहमीच्या चालीचा हवा. चालताना गप्पा नकोत. 'सर, जेवण झालं का?' असा साधा प्रश्न मध्येच विचारला तरी पावलं चुकतात, कारण एका वेळी एकच काम जमतं. वळताना जागच्या जागी गिरकी घेऊ द्यायची नाही. कॉर्नर फ्लॅगला वळसा घालावा तसं मोठं वळण घ्यायला लावायचं.

पायापुढे बॉल ठेवला की अडलेला पाय सुटतो, हे जुन्या पोरांनी शोधून काढलंय. तसं होतंही. समोर काही दिसलं, लय मिळाली की या आजारातला गोठलेला पाय अचानक हलतो. पण उभ्या माणसापुढे बॉल ठेवू नका. पाय त्याच्यावर पडला तर खुब्याचं हाड जातं. त्यापेक्षा सरांना हात असलेल्या खुर्चीत बसवा, हवा थोडी कमी केलेला बॉल द्या आणि डाव्या-उजव्या पायानं आळीपाळीनं हलक्या किक मारू द्या. फिजिओथेरपिस्टनं शिकवलेल्या सात-आठ व्यायामांपैकी एवढा एकच सर न सांगता करतात. बॉल डाव्या पायानं परत दिला नाही तर समोरच्याला अजून ओरडाही बसतो, बारीक आवाजात.

माणूस पुरवणाऱ्या संस्थेबद्दल आमचं मत मधलंच आहे. नोंदणीचे पैसे वेगळे, महिन्याचे पैसे आगाऊ, आणि 'ट्रेन्ड' या शब्दाखाली काहीही येतं. जी.एन.एम. आणि ए.एन.एम. हे नर्सिंगचे रीतसर कोर्स आहेत. 'केअरटेकर' मात्र महिनाभर शिकलेलाही असतो आणि चार दिवसांचाही. सरांना इंजेक्शन नाही, लघवीची नळी नाही, नाकातली नळी नाही, तेव्हा नर्सचे जादा पैसे देण्यात अर्थ नाही. इथं हवा तो घाई न करणारा, उठवण्या-बसवण्याची रीत माहीत असलेला माणूस. ती रीत पहिल्या तासातच तपासून घ्या. त्याला म्हणा, सरांना खुर्चीतून उठव बघू. दोन्ही हात धरून किंवा काखेत हात घालून ओढायला लागला तर तिथंच थांबवा, खांदा निखळेल. बरोबर रीत अशी : कंबर खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे, दोन्ही पाऊलं गुडघ्यांच्या थोडी मागे आणि खांद्याइतकी फाकलेली, हात खुर्चीच्या हातांवर, धड पुढे वाकवत नाक पायाच्या बोटांच्या वर आणायचं, तीन म्हणताच उठायचं. माणसाचा हात फक्त कमरेच्या पट्ट्यावर. हा पट्टा सेटमध्ये नसतो. फिजिओथेरपीचं सामान मिळतं तिथं 'गेट बेल्ट' म्हणून मागा आणि शर्टावरूनच बांधा.

चोवीस तासांचा माणूस चोवीस तास जागा नसतो, हे संस्था सांगत नाही. रात्री तीनदा लघवीला उठणारा पेशंट असेल तर दुसऱ्या दिवशी तो माणूस पेंगतो आणि दुपारीच घोटाळा होतो. एक तर बारा-बारा तासांचे दोघं घ्या, नाहीतर रात्रीपुरती कमोडची खुर्ची पलंगाला लागून ठेवा आणि हाताशी लघवीचं भांडं. वयस्क माणसं रात्री न्हाणीच्या वाटेवरच जास्त पडतात. तेव्हा ही खुर्ची सेटमधली खरी कामाची वस्तू. फक्त ती चाकं नसलेली, पक्क्या पायांची घ्या. चाकाच्या खुर्चीचा ब्रेक लावायचा राहिला की बसता बसता ती मागे सरकते.

गणपती, सौंदत्तीची यात्रा, सुगी, अशा वेळी माणूस गावी जातो. बदली माणूस येतो, पण त्याला सर नवीन असतात. यावर उपाय म्हणजे भिंतीवर चिकटवलेला एक कागद, मराठीत आणि कन्नडमध्ये : गोळ्यांच्या वेळा, उठवायची रीत, कुठं पाय अडतो, काय खायला द्यायचं नाही. भाषेची अडचण म्हणाल तर ती नाही, सरांना कन्नड चांगलं येतं. अडचण होते ती काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, 'बसा' म्हणतात आणि त्याच क्षणी माणूस 'एळ्री', म्हणजे 'उठा', म्हणतो तेव्हा. सूचना एकानंच द्यायची, बाकीच्यांनी गप्प.

माणसानं लिहिलेल्या बीपीच्या वहीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आठवडाभर रोज 120/80 दिसलं तर समजा की आकडा मोजलेला नाही, उतरवलेला आहे. शिवाय बसून घेतलेला बीपी इथं फारसा कामाचा नसतो. पाच मिनिटं आडवं ठेवून एकदा, मग उभं केल्यावर एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला, असा घ्यावा. उभं राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा जास्त खाली येत असेल तर पडण्याचं कारण नुसतं पायात नाही, रक्तदाबातही असू शकतं. हे तीन आकडे लिहूनच डॉक्टरांकडे जा.

गोळ्यांची वेळ हा सगळ्या सेवेचा कणा, आणि संस्थेचा माणूस नेमका इथंच ढिला पडतो. लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सनच्या मुख्य औषधाची, गोळी 'जेवणानंतर' या सवयीनं दिली जाते. पण प्रथिनं आणि ही गोळी आतड्यात एकाच वाटेनं आत जायला बघतात. डाळ, दूध, अंडं, मटण यांच्याबरोबर घेतली तर गोळी मागे राहते आणि पाय मोकळे होत नाहीत. जेवणाच्या निदान अर्धा तास आधी, पाण्याबरोबर, रोज ठरलेल्या मिनिटाला द्यायची. मळमळ होत असेल तर कोरड्या बिस्किटाबरोबर चालते का ते डॉक्टरांना विचारा. लोहाची गोळी तिच्या जवळपास नको. गोळी अचानक कधीही बंद करायची नाही. आणखी एक : उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रमाइड आणि भ्रम झाल्यावर देतात ते हॅलोपेरिडॉल, ही दोन औषधं पार्किन्सन वाढवतात. दोन्ही नावं कागदावर लाल शाईनं लिहून ठेवा आणि कुठंही ॲडमिट करायची वेळ आली तर पहिल्यांदा तो कागद दाखवा.

भेटायला येणाऱ्यांसाठी यातूनच नियम निघतो. गोळीनंतर तासाभरानं सर बोलतात, हसतात, जुन्या सामन्यांचे गोल मोजतात. पुढच्या गोळीच्या आधीच्या तासात ते नुसते बसून असतात. त्या वेळी आलेला माणूस 'सर ओळखेनात' म्हणत गावभर सांगत सुटतो. वेळ विचारून या, चार-पाच जणांपेक्षा जास्त नको. कुंदा घेऊन येणार हे ठरलेलंच, पण तो दुधाचा. गोळीच्या वेळेला त्याचा डबा उघडू नका. मांडे तर आणूच नका. त्यांचा कोरडा चुरा घशात अडकतो आणि गिळण्याची ताकद कमी झालेल्या माणसाला ठसका लागून तो चुरा श्वासनलिकेत जातो. शेव, चिवडा, कोरडे पोहे यांचंही तेच. भरवताना सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली, एक घास संपल्यावर दुसरा, आणि खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. पाण्याचा वारंवार ठसका लागत असेल तर पातळ पदार्थ किती दाट करायचे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. नाचणीची आंबील मग फार उपयोगी पडते, ताक घालताना फक्त गोळीची वेळ बघा.

राहिला पलंग. दोन हँडलवाल्याला दुकानात 'फुल फाउलर' म्हणतात, एक हँडल पाठीचं, एक गुडघ्याचं. उठवताना आधी गुडघ्याचं फिरवा, मग पाठीचं. उलट केलं तर माणूस खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी ओढली जाते. साडेसहा बाय तीन फुटांचा सांगाडा जुन्या घराच्या दारातून दोन्ही टोकांच्या फळ्या काढून, कुशीवर आडवा करूनच आत येतो. मुख्य तक्रार उंचीची. पलंगावर गादी, तिच्यावर हवेची गादी, असं चढत गेलं की कडेवर बसलेल्या सरांचे पाय अधांतरी राहतात. बसल्यावर तळवे पूर्ण टेकले पाहिजेत, म्हणजे साधारण 18 इंच. कठडे लावले तर रात्री त्यांच्यावरून उतरायला जातात आणि जास्त उंचीवरून पडतात. चालत्या माणसाला घरातला लाकडी पलंग बरा, शेजारी भिंतीत पक्की दांडी. कुशीवर वळायला मदत म्हणून चादरीवर कमरेच्या जागी जुन्या रेशमी साडीचा हातभर रुंद पट्टा टाका, अंग सहज फिरतं. पण पट्टा कडेपर्यंत आणू नका, उठून बसताना त्याच्यावरूनच खाली घसरायला होतं.

हवेची गादी पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून असते, ती सर जेव्हा दिवसाचा बराच वेळ आडवे राहायला लागतील तेव्हा घ्यावी, आणि भाड्यानं नको, विकतच. दुसऱ्याची वापरलेली गादी धुतली तरी फुग्यांच्या खाचांत घाण राहते, आणि पंक्चर कुणाचं यावर भांडण होतं. ती साध्या गादीवर अंथरायची, वर एकच पातळ सुती चादर. वर प्लास्टिक किंवा जाड गोधडी घातली तर तिचा उपयोगच संपतो. हवा बरोबर आहे का हे बघायला कमरेखाली, गादीच्या खालून तळहात सरकवा. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. पंप फार थोडी वीज खातो, तेव्हा त्याचं बटण इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, म्हणजे हेस्कॉमची वीज गेली तरी गादी बसत नाही. गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. ऑक्सिजनचं मशीन डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नका.

व्हीलचेअर भाड्यानं घ्यायला हरकत नाही. नेहमीची घडीची खुर्ची पोलादी आणि जड असते, गाडीच्या डिकीत मावते. घेताना पुढची चाकं बघा. लहान कडक चाकं मैदानाच्या खडीत रुततात, 8 इंची घ्या. उंबरा किंवा पायरी उतरताना खुर्ची उलटी करून, मोठी चाकं आधी. माणूस उठण्याआधी ब्रेक आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वर, या क्रमानं, कारण त्या पट्टीवर उभं राहिलं की खुर्ची पुढे उलटते. सरांना लेले ग्राउंडवर सामना बघायला न्यायचं तर गोळीची वेळ धरून निघा, सावलीत बसवा आणि गोलच्या मागे नाही, मध्यरेषेच्या बाजूला, बॉल लागणार नाही इतकं मागे. एक हाफ पुरतो.

व्यवहाराचं थोडं. अनामत रक्कम परत मिळते, पण भाडं महिन्यानं धरतात. पाचव्या दिवशी वस्तू परत केली तरी पूर्ण महिना लागू शकतो, आधी विचारा. नेण्या-आणण्याचा टेम्पो दोन्ही वेळेला आपल्याच खर्चानं. माल घरात घेतानाच दोन्ही हँडल पूर्ण फिरवून बघा, चाकांचे ब्रेक लावून ढकलून बघा, रेक्झिन फाटलेलं असेल तर फोटो काढून दुकानदाराला तिथल्या तिथं पाठवा. परत करताना अशा नुकसानीचे पैसे अनामतीतूनच कापतात. खानापूरपर्यंत सहसा बेळगावचं दुकान परवडतं, चंदगडकडचेही इकडेच येतात. निपाणीकरांनी टेम्पोचं भाडं धरून कोल्हापुरातही विचारावं. वॉकर, कमोड खुर्ची, गेट बेल्ट विकत घ्या, पलंग आणि व्हीलचेअर भाड्यानं. सरांचा पलंग पंधरवड्यात परत गेला, भाडं महिन्याचं लागलं, अनामत मात्र पूर्ण आली.